रविवार, व्हिएन्ना आणि तेवीस किलो

प्रवासाच्या शेवटच्या दिवशी माणसांचे दोन पक्ष पडतात. एक 'उरलंय' पक्ष आणि दुसरा 'झालंय' पक्ष. पहिल्या पक्षाला सकाळी डोळे उघडताच आठवतं की अमुक संग्रहालय राहिलं, तमुक चौक राहिला, नदीवर तर आपण गेलोच नाही. दुसऱ्या पक्षाला त्याच क्षणी आठवतं की दूधवाल्याला परवापासून दूध टाकायला सांगायचंय. नवराबायकोत हे पक्ष पडले तर भांडण होतं, पण ते घरी नेऊन पुरवून पुरवून भांडता येतं. टूर कंपनीबरोबर गेलं तर टूर मॅनेजर दोन्ही पक्षांना एकाच बसमध्ये कोंबून विमानतळावर सोडतो आणि प्रश्न मिटतो. खरी पंचाईत जिवलग मैत्रिणीबरोबर आपल्या हिमतीवर गेलेल्यांची. मैत्रिणीशी भांडायची सोय नसते. म्हणजे भांडता येतं, पण मग घरी आल्यावर ते भांडण सांगायचं कुणाला? एरवी असल्या गोष्टी आपण तिलाच सांगत असतो.

माझी मैत्रीण कट्टर 'झालंय' पक्षाची. सांगलीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढं ती बँकेत लागली आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांचे पैसे मोजत बसली. त्यामुळं युरोपात ती इमारतीच्या आधी तिकिटाच्या दराची पाटी बघायची. एक युरो म्हणजे शंभर रुपये, हा तिचा सरळ हिशेब. स्वच्छतागृहाला पन्नास सेंट पडतात हे कळल्यावर ती दारातून परत फिरली. "पन्नास रुपये? यासाठी?" मग ती समोरच्या कॅफेत शिरायची, साडेचारशे रुपयांची कॉफी मागवायची आणि तिथलं स्वच्छतागृह फुकट वापरायची. पन्नास वाचल्याचा आनंद तिला पुढच्या कॅफेपर्यंत पुरायचा. कॉफीमुळं तो कॅफे फार लांब नसायचा.

परतीचं विमान व्हिएन्नाहून होतं, रविवारी रात्रीचं. तिकिटं तिनंच काढली होती, शनिवारपेक्षा स्वस्त पडली म्हणून. जवळजवळ सगळी खरेदी शेवटच्या दिवसावरही तिनंच ढकलली होती, "आधीपासून ओझी कशाला वागवायची?" म्हणून. दोन्ही निर्णय सुटे सुटे बघितले तर शहाणपणाचे. एकत्र आले आणि घात झाला, कारण ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात. तीही दुकानदाराच्या मर्जीनं नाही, कायद्यानं. शनिवारी संध्याकाळी सहाला दुकान मिटतं ते सोमवारी सकाळी उघडतं. रेल्वे स्टेशनं, विमानतळ, पेट्रोल पंप आणि पर्यटकांना फ्रिजवरची चुंबकं विकणारे, एवढ्यांना काय ती सवलत. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनं हे सांगितलं तेव्हा मैत्रिणीला वाटलं, कुणीतरी मोठा पुढारी गेला असणार. "कोण गेलं?" तिनं आवाज खाली आणून विचारलं. कुणीच गेलं नव्हतं. रविवार होता.

मला मात्र मनातून उकळ्या फुटत होत्या. दुकानं बंद म्हणजे अख्खा दिवस 'उरलंय' पक्षाच्या ताब्यात.

पण त्याआधी बॅगा. विमान कंपनीनं माणशी तेवीस किलो दिलेले. मैत्रिणीनं सांगलीहून लटकवायचा काटा आणला होता. बॅग अडकवून उचलून धरायची मी, आकडा वाचायची ती. बॅग वर गेली की तिला आठवायचं, चष्मा पर्समध्ये आहे. मग पर्स शोधायची. पर्स बॅगेखाली. तिचा एक सिद्धांत होता : येताना आपण भडंग, चकल्या, शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि उपम्याची पाकिटं आणली, ती वाटेत खाल्ली, म्हणजे तेवढं वजन मोकळं झालं. सिद्धांतात खोट काढायला जागा नव्हती. काटा मात्र साडेचोवीस दाखवत होता. कारण मोकळी झालेली जागा बघून बाईंनी प्रत्येक हॉटेलातून साबणाच्या वड्या, शॅम्पूच्या बाटल्या, कागदी सपाता, बूट पुसायची फडकी आणि साखरेच्या पुड्या गोळा केल्या होत्या. "पैसे भरलेत आपण." यावर उत्तर नसतं.

"तुझे ते नकाशे काढ आधी," ती म्हणाली. मी प्रत्येक शहराचे फुकट मिळणारे नकाशे जपून ठेवले होते.

"नकाशांचं वजन किती असणार? तू साबण काढ."

"साबण वापरायला होतो. प्रागच्या नकाशावर तू सांगलीत काय शोधणार आहेस?"

वाद वाढणार तेवढ्यात तळाशी मेतकुटाची पिशवी निघाली, न फोडलेली. टाकून द्यायला सगळ्यात सोपी वस्तू तीच होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मेतकूट कचऱ्याच्या डब्यात टाकणं दोघींच्याही रक्तात नव्हतं. शेवटी दोन्ही गरम कोट बॅगेतून निघाले आणि अंगावर चढले. महिना मे होता. कोटाच्या खिशांत चार्जर, छत्र्या, औषधांच्या डब्या आणि साबणाच्या वड्या गेल्या. मेतकूट तीन देश बघून सुखरूप सांगलीला परत आलं.

अकराला खोली सोडायची होती, आम्ही नऊलाच सोडली, कारण तिकीट. व्हिएन्नात चोवीस तासांचं तिकीट मिळतं. ते एकदा यंत्रात घालून शिक्का मारला की त्या मिनिटापासून चोवीस तास ट्राम, बस, मेट्रो, कशातही बसा. आमच्यावर आदल्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी शिक्का पडला होता. म्हणजे आज एक दहापर्यंत जितकी बसू तितकी ट्राम फुकट. मेट्रोला तिथं फाटक नाही, ट्रामला कंडक्टर नाही. साध्या वेशातला टीसी कधीतरी येतो म्हणतात. तो इतक्या दिवसांत एकदाही आला नव्हता आणि याचं मैत्रिणीला फार लागलं होतं. "एवढे पैसे देऊन तिकिटं काढली, कुणी बघायला नको?"

तिचा पुढचा धक्का ट्रामच्या थांब्याजवळ होता. रविवारी पेपरची दुकानंही बंद, म्हणून तिथं पेपर रस्त्यात विकतात. खांबाला प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली असते, तीत पेपर असतात, शेजारी पैसे टाकायची छोटी पेटी. राखायला कुणी नाही. नाणं टाका, पेपर घ्या. उभी हयात कॅश काउंटरच्या जाळीमागं काढलेली बाई ही व्यवस्था बघून जागीच थांबली. पहिली ट्राम तिनं सोडली, दुसरीही सोडली. तिला ऑडिट करायचं होतं. एक आजोबा आले, नाणं टाकलं, पेपर घेतला. एक कुत्रा फिरवणारी मुलगी आली, नाणं टाकलं. बाई अस्वस्थ. मग धावण्याच्या कपड्यांतला एक गृहस्थ आला, इकडंतिकडं न बघता पेपर उपसला आणि तसाच पळत गेला. मैत्रिणीच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं समाधान उमटलं. "बघ," ती म्हणाली, "माणसं सगळीकडं सारखीच." मग स्वतः जाऊन तिनं पेटीत एक नाणं टाकलं आणि पेपर घेतलाच नाही. विचारलं तर म्हणाली, "जर्मन कुठं येतंय आपल्याला?"

रिंगवरून ट्रामनं फिरणं हा व्हिएन्ना बघायचा सगळ्यात आळशी आणि सगळ्यात चांगला मार्ग. पूर्वी इथं शहराचा तट होता. फ्रान्झ योझेफ बादशहानं १८५७ मध्ये तो पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागी सव्वापाच किलोमीटरचा रुंद रस्ता १८६५ मध्ये खुला झाला. ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ, नाट्यगृह, सगळं एका ओळीत मांडलंय. एके काळी एकाच ट्रामनं पूर्ण फेरी व्हायची, आता मध्ये बदलावी लागते. 'झालंय' पक्षाला ही ट्राम मानवते. खाली उतरावं लागत नाही आणि बघितल्याचं नाव होतं.

त्या ऑपेराच्या इमारतीची गोष्ट वाईट आहे. बांधून होत आली तेव्हा सगळं शहर तिला नावं ठेवायला लागलं. रस्त्याची पातळी उंचावली होती, त्यामुळं इमारत जमिनीत बुडाल्यासारखी दिसते म्हणून ओरड झाली. बादशहानंही तसलंच काहीतरी बोलून दाखवलं म्हणतात. दोन वास्तुविशारद होते. एकानं १८६८ मध्ये आत्महत्या केली, दुसरा दोनेक महिन्यांत आजारानं गेला. बादशहानं याचा इतका धसका घेतला की त्यानंतर कुठंही उद्‌घाटनाला गेला, काहीही दाखवलं, तरी तो एकच वाक्य बोलायचा, अशी कथा आहे : "फार छान होतं, मला फार आनंद झाला."

हे ऐकल्यावर मैत्रिणीनं ताबडतोब फोन काढला. भिशीच्या ग्रुपवर सकाळपासून विचारणा चालली होती : कसं झालं युरोप? काय काय बघितलं? काय आवडलं? तिनं बादशहाचं वाक्य टाइप केलं आणि पाठवून दिलं. पाच मिनिटांत अकरा जणींनी अंगठे दाखवले. पुढं कुणीही काही विचारलं नाही. सहलीहून परतलेल्या माणसाकडून लोकांना एवढंच हवं असतं, हे एकोणिसाव्या शतकातल्या बादशहाला कळलं होतं.

एक दहाला अजून वेळ होता आणि समोरून ७१ नंबरची ट्राम आली. "ही कुठं जाते?" ती. "खूप लांब," मी. तिकीट वसूल होण्याच्या दृष्टीनं हे उत्तर पुरेसं होतं. ७१ नंबर जाते शहराच्या मोठ्या दफनभूमीकडं, त्सेंट्रालफ्रीडहोफला. व्हिएन्नाकर कुणी वारलं की "त्यानं ७१ पकडली" असं म्हणतात. हे मी तिला तिथं पोचल्यावर सांगितलं.

"शेवटच्या दिवशी तू मला स्मशानात आणलंस?"

"रविवारी उघडी असलेली एवढी मोठी दुसरी जागा नाही गावात."

ही दफनभूमी १८७४ मध्ये सुरू झाली. गावात वीस लाख माणसं राहतात आणि इथं तीस लाखांच्या आसपास झोपलेली आहेत. सुरुवातीला ती इतकी गावाबाहेर वाटायची की लोक यायलाच तयार होईनात. मग नगरपालिकेनं नामी शक्कल काढली. मोठी माणसं इथं आणून ठेवायची, म्हणजे बाकीचे आपोआप येतील. बेथोव्हेन १८२७ मध्ये वारला आणि दुसऱ्या एका छोट्या दफनभूमीत होता. शुबर्ट पुढच्याच वर्षी गेला, तो त्याच्या जवळच पुरलेला. १८८८ मध्ये दोघांनाही उचलून इथं आणलं. मैत्रीण थडग्यासमोर उभी राहून माझं बोलणं ऐकत होती. पहिल्यांदाच तिला एखाद्या कलावंताबद्दल आतून काहीतरी वाटलं. "साठ वर्षांनी बदली?" ती म्हणाली. "आमची तीन वर्षांनी व्हायची, पण निदान जिवंतपणी." शेजारी ब्राम्स आणि योहान स्ट्राउस आहेत, मध्ये मोत्सार्टचं स्मारक आहे. मोत्सार्ट मात्र तिथं नाही. १७९१ मध्ये तो वारला तेव्हा त्याला सांक्ट मार्क्सच्या दफनभूमीत साध्या थडग्यात पुरलं, आणि नेमकी जागा आज कुणालाच सांगता येत नाही.

बाकी ती जागा खरोखर सुंदर आहे. उंच झाडं, सरळ रस्ते, आतल्या आत फिरायला बस. चेस्टनटच्या झाडाखालच्या बाकावर आम्ही भडंगाचं शेवटचं पाकीट फोडलं. स्मशानात खायचं नसतं असं म्हणत मैत्रिणीनं अर्ध्याहून जास्त खाल्लं. कोट आम्ही मांडीवर घेतले होते. ऊन चांगलंच तापलं होतं आणि खिशातल्या साबणांचा वास सुटला होता.

परतीच्या ट्राममध्ये तो चमत्कार झाला. एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना जीन्समधला एक साधा माणूस उठला, त्यानं गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं आणि तिकिटं मागितली. मैत्रिणीनं ज्या थाटात तिकीट काढून दिलं, त्या थाटात लोक पद्मश्री घेत असतील. त्यानं एक नजर टाकून परत केलं. तिचं समाधान झालं नाही. "टाइम बघा, टाइम," तिनं शिक्क्यावर बोट ठेवून त्याला मराठीत सांगितलं. त्या बिचाऱ्यानं तिकीट पुन्हा हातात घेतलं, घड्याळ बघितलं, मान डोलावली. पंधरा मिनिटं बाकी होती. अख्ख्या युरोपात तिला भेटलेला हा पहिला जबाबदार माणूस.

दुपारी केक. व्हिएन्नाला जाऊन साखरटोर्ट खाल्ला नाही तर लोक विचारतात. १८३२ मध्ये मेटर्निश नावाच्या दिवाणाकडं पाहुणे आले, मुख्य आचारी आजारी पडला आणि फ्रान्झ साखर नावाच्या सोळा वर्षांच्या उमेदवार पोऱ्यानं हा केक केला, असं सांगतात. चॉकलेटचा केक, वर चॉकलेटचा थर आणि जर्दाळूचा जाम. आता हा जाम कुठं असावा? त्याच्या मुलानं काढलेलं हॉटेल साखर म्हणतं, केक मधोमध कापून आतही लावायचा. डेमेल नावाचं जुनं मिठाईचं दुकान म्हणतं, कापायचं नाही, फक्त वरच्या चॉकलेटखाली लावायचा. 'अस्सल' हा शब्द कुणी वापरायचा यावरून दोघं कोर्टात गेले आणि १९६३ पर्यंत प्रकरण मिटलं नाही. जामाची जागा ठरवायला फ्रीडरिश टोरबेर्ग नावाच्या मोठ्या लेखकाची साक्ष काढली होती. (मराठी लेखकाला असल्या कामाला कुणी बोलावत नाही.) मैत्रिणीचं माहेर मिरजेजवळच्या खेड्यातलं. तिच्या चुलत्यांचा बांधावरचा खटला तिच्या लग्नाआधी सुरू झाला होता, तो तिच्या मुलाच्या लग्नानंतर निकालात निघाला. "बांध इकडं की तिकडं म्हणून भांडणाऱ्या आमच्या लोकांना अडाणी म्हणायचे सगळे," ती म्हणाली. "इथं जाम इकडं की तिकडं!" आणि तिनं अत्यंत आदरानं केकचा पहिला घास घेतला.

केक एकच मागवला होता, हजार रुपयांना टेकणारा, दोघींत एक. त्यात अंडं असतं. मैत्रीण अंडं खात नाही, पण केकमधलं दिसत नाही म्हणून चालतं. केकपेक्षा मला तिथली कॉफी आवडली. चांदीसारख्या तबकात कॉफी, शेजारी पाण्याचा ग्लास, काळ्या कोटातला गंभीर वेटर. व्हिएन्नाच्या जुन्या कॉफीहाउसात एक कप घेऊन तीन तास पेपर वाचत बसलं तरी कुणी उठवत नाही. या परंपरेला २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या युनेस्को सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली आहे. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. मैत्रिणीनं यात लगेच एक शक्यता पाहिली : आपण मागितलंच नाही तर? मी तिला बाहेर काढलं. पैसे देऊन.

मग माझं संग्रहालय. सगळं बघायला वेळ नव्हता, म्हणून नॅचरल हिस्ट्रीमधली एकच वस्तू ठरवली, विलेनडोर्फची व्हीनस. १९०८ मध्ये डॅन्यूबच्या काठी सापडलेली, साधारण साडेएकोणतीस हजार वर्षांपूर्वीची चुनखडीची बाई. उंची अकरा सेंटिमीटर. ओघळलेलं पोट, रुंद कंबर, नाकडोळे नाहीत. माणसं तिच्यापुढं कुजबुजत उभी होती. मैत्रिणीनं तिकिटाचे पैसे आठवून दीर्घ श्वास घेतला, काचेत वाकून बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला : "हिला कुणी मॉर्निंग वॉकला नेलेलं दिसत नाही." पुढं संपूर्ण दुपारभर ती कंबर ताठ करून चालत होती.

संध्याकाळी भेटवस्तू. बाईंकडं यादी होती आणि ती तिनं बँकेच्या भाषेत 'देणी' या नावाखाली लिहिली होती. भिशीच्या बायका, सोसायटीचे सेक्रेटरी, कामाच्या मावशी, दोन सुना, व्याही, बँकेतल्या मैत्रिणी. उघडी दुकानं फक्त पर्यटकांची. तिथं मोत्सार्टचं तोंड असलेली गोल चॉकलेटं होती, डब्यांत, पिशव्यांत, व्हायोलिनच्या आकाराच्या खोक्यांत. हा लाडू साल्झबुर्गच्या पाउल फ्युर्स्ट या हलवायानं १८९० मध्ये काढला, म्हणजे मोत्सार्ट जाऊन शंभरेक वर्षं झाल्यावर. ज्या माणसाची पुरलेली जागा गावाला सांगता येत नाही, त्याचा चेहरा गावातल्या प्रत्येक काउंटरवर. मैत्रिणीनं दुकानदाराला भाव कमी करायला सांगितलं. त्यानं नाही म्हणायला मान हलवली. ती हसली आणि आठ डबे घेतले. शिवाय नातवासाठी 'ऑस्ट्रियात कांगारू नसतात' असं इंग्रजीत छापलेला टीशर्ट. तो मला विनोदी वाटला होता. परतल्यावर सोसायटीतल्या तिघांनी विचारलं, "कसा होता ऑस्ट्रेलिया?" तेव्हा कळलं, त्या शर्टाला बाजार आहे.

आठ डबे म्हणजे किती किलो, हा विचार विमानतळाच्या गाडीत सुरू झाला. एस-७ नावाची लोकल आहे, अर्ध्या तासाच्या आत पोचवते. वाटेत सांक्ट मार्क्सचं स्टेशन लागतं, मग त्सेंट्रालफ्रीडहोफचं. म्हणजे विमान पकडायच्या आधी हे शहर तुम्हाला दोन दफनभूमींवरून नेतं. मैत्रिणीनं दोन्ही वेळा हात जोडले. डबे तिनं कोटाच्या आत, ओढणीत गुंडाळून, पोटाशी बांधले होते. विलेनडोर्फची बाई पुढं चालली आहे असं वाटत होतं.

विमानतळावर एका खिडकीपुढं रांग होती, करपरताव्याची. युरोपाबाहेरच्या माणसानं ऑस्ट्रियात एका दुकानात पंचाहत्तर युरोंच्या वर खरेदी केली तर कर परत मागता येतो. आदल्या संध्याकाळी, दुकानं मिटायच्या आत, मैत्रिणीनं मोठ्या सुनेसाठी पर्स घेतली होती. किंमत चौऱ्याहत्तर युरो नव्वद सेंट. ती त्या रांगेकडं ज्या नजरेनं बघत होती ती मला बघवेना. "अकरा सेंट," ती पुटपुटली. "अकरा सेंटचा रुमाल घेतला असता तरी."

बॅगा काट्यावर चढल्या तेव्हा तिनं श्वास रोखला. काउंटरवरची मुलगी कुणाशीतरी फोनवर बोलत होती. तिनं आकडा बघितलाच नाही. पट्टी लावली, बॅग ढकलली, पास दिला. सकाळपासून दोन माणसं मे महिन्याच्या उन्हात गरम कोट घालून का फिरली, याची दखल कुणी घेतली नाही. "बघितलं नाही गं तिनं!" मैत्रीण विमानात बसेपर्यंत म्हणत होती. कंपनीकडं तक्रार करायचा तिचा विचार होता.

विमान वर गेल्यावर वही निघाली. सगळा खर्च तिनं रोज लिहिला होता, कुणी कशाचे दिले, कुणाचा अर्धा, कुणाचा पाव. केकचे साडेचार तिचे, साडेचार माझे, कारण कडेचा चॉकलेटचा तुकडा दोघींनी सारखा खाल्ला होता. बेरीज, वजाबाकी, पुन्हा बेरीज. शेवटी निघालं की मी तिला सात युरो वीस सेंट देणं लागते. मी पाकीट काढलं. तिनं वही मिटली. "राहू दे. पुढच्या ट्रिपला वळतं करू." 'झालंय' पक्षाच्या माणसानं पुढच्या ट्रिपचं नाव काढल्याचं हे माझ्या ऐकिवातलं पहिलं उदाहरण. मी ते सात युरो वीस सेंट मुद्दाम अजून दिलेले नाहीत.

आता एक विनंती. ऑस्ट्रियात २०२५ पासून प्लॅस्टिकची बाटली आणि कॅन यांच्यावर पंचवीस सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पावती मिळते आणि ती तिथल्याच काउंटरवर वटते. मैत्रिणीनं शनिवारी तीन बाटल्या घातल्या आणि पावती रविवारच्या खरेदीत वटवायची म्हणून जपून ठेवली. स्टेशनवरचं उघडं दुकान दुसऱ्याच कंपनीचं निघालं. तेव्हा ती पावती आणि मूठभर सुटी नाणी (ती इथला कुठलाही मनी चेंजर घेत नाही) आमच्याकडं पडून आहेत. तुमच्यापैकी कुणी व्हिएन्नाला निघालं असेल तर सांगलीत येऊन घेऊन जा. नाणी तुम्हाला, पंचाहत्तर सेंट बाईंना. फक्त रविवारी पोचू नका.